डॉक्टरांनी मॉन्टेलुकास्ट लिहून दिलंय? पहिली गोळी घेण्याआधी एवढं वाचा

'मॉन्टेलुकास्ट' म्हटलं तर चारचौघांत कुणाला पत्ता लागणार नाही, पण 'मॉन्टेअर एलसी' म्हणा, घरटी एक जण सांगेल, 'हां, ती सर्दीची गोळी!' गडबड इथूनच सुरू होते. ही साध्या सर्दीची गोळी नाही. दमा आणि ॲलर्जी यांसाठी डॉक्टरांनी तपासून, वय बघून, ठरावीक मुदतीसाठी द्यायचं हे औषध आहे. शेजारणीला लागू पडलं म्हणून आपण घ्यावं असं तर मुळीच नाही.

मी फार्मासिस्ट आहे, तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. कुणाला कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं, त्यात मी पडत नाही. पण चिठ्ठी घेऊन माणूस काउंटरवर येतो, मागे पाच जण उभे असतात, आणि जे सांगायला हवं ते अर्धवट राहतं. ते इथे निवांत सांगतो.

पायरी १: स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षर वाचा

पुढच्या बाजूचं मोठं नाव कंपनीचं. मागे बारीक अक्षरात प्रत्येक गोळीत काय आणि किती मिलिग्रॅम आहे ते छापलेलं असतं. तेच खरं नाव. सिप्लाची मॉन्टेअर, सन फार्माची मॉन्टेक, ल्युपिनची टेलेकास्ट, नावं वेगळी असली तरी आतलं मुख्य औषध तेच, मॉन्टेलुकास्ट.

आता शेपटाकडे बघा. नावापुढे काहीच नसेल तर नुसतं मॉन्टेलुकास्ट. 'एलसी' किंवा 'एल' असेल तर सोबत लेव्होसेटिरिझिन, हे ॲलर्जीचं दुसरं, काहींना झोप आणणारं औषध, मोठ्यांच्या गोळीत सहसा १० आणि ५ मिलिग्रॅम. 'एफएक्स' म्हणजे फेक्सोफेनाडिन, बहुतेक वेळा १२० मिलिग्रॅम. काहींत बिलास्टिन हे ॲलर्जीचंच औषध असतं, तर काहींत खोकल्या-दम्याची आणखी एक-दोन औषधं घातलेली असतात. 'मॉन्टेअर द्या' एवढंच सांगून लोक जातात आणि दोन महिन्यांनी कळतं की डॉक्टरांनी साधी लिहिली होती, घरात एलसी चालू होती. एवढ्या दोन अक्षरांपायी दिवसभर झोप येत राहते. म्हणून तोंडी नाव सांगू नका, चिठ्ठी किंवा जुनी स्ट्रिप दाखवा.

डोस वयावर ठरतो. १५ वर्षं आणि त्यापुढे १० मिलिग्रॅम, ६ ते १४ वर्षांना ५ मिलिग्रॅमची चघळायची गोळी, २ ते ५ वर्षांना ४ मिलिग्रॅम. त्याहून लहान बाळांसाठी ४ मिलिग्रॅमचे दाणे पुडीत येतात. मोठ्यांची गोळी अर्धी करून पोराला देणं हा घरगुती हिशेब इथे चालत नाही.

स्ट्रिपवर लाल उभी रेघ आणि चौकटीत 'शेड्यूल एच'चा इशारा दिसेल. चिठ्ठीशिवाय विकू नये, असा त्याचा सरळ अर्थ. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

पायरी २: ही गोळी शरीरात नेमकं काय करते

ॲलर्जी उसळली की शरीरातल्या काही पेशी दोन प्रकारचा माल बाहेर टाकतात. एक हिस्टामिन. शिंका, नाकाची खाज, डोळ्यांतून पाणी यामागे मुख्यतः तेच. दुसरी ल्युकोट्राइन्स. ती श्वासनळीच्या भिंतीवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसतात आणि मग नळी आकसते, आतून सुजते, चिकट कफ सुटतो. नाक चोंदण्यातही त्यांचा हात असतो.

मॉन्टेलुकास्ट काय करतं? एसटीत खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो ना, तसं. ल्युकोट्राइन येण्याआधीच ते त्या जागा अडवून ठेवतं. ल्युकोट्राइन तयार व्हायचं थांबत नाही, फक्त त्याला टेकायला जागा मिळत नाही. हिस्टामिनचा बंदोबस्त मात्र ही गोळी करत नाही, त्यासाठी लेव्होसेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिन जोडीला देतात.

ल्युकोट्राइन्सचा शोध स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युअलसन यांचा, १९८२ च्या वैद्यकाच्या नोबेलचे ते एक मानकरी. मॉन्टेलुकास्ट घडलं ते मर्क कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियलच्या प्रयोगशाळेत, आणि १९९८ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

हमखास विचारला जाणारा प्रश्न: 'यात स्टेरॉइड आहे का?' नाही. सवय लागते का? नशेच्या अर्थाने तीही नाही.

पायरी ३: कधी घ्यायची, कशी घ्यायची

चिठ्ठीवर ०-०-१ असेल तर सकाळी नाही, दुपारी नाही, रात्री एक. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'एचएस' म्हणजे झोपताना. दम्यासाठी मॉन्टेलुकास्ट संध्याकाळी किंवा रात्रीच देतात, कारण दमा पहाटे जास्त छळतो आणि १० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर तीन-चार तासांत रक्तातली तिची पातळी सर्वांत वर जाते. नुसती ॲलर्जीची सर्दी असेल तर वेळ डॉक्टर तुमच्या सोयीने ठरवू शकतात. मात्र एलसी असेल तर रात्रच बरी, पुढे सांगतो का ते.

जेवणाआधी की नंतर, हे १० च्या गोळीला फारसं महत्त्वाचं नाही. रोज एकाच वेळी घेणं महत्त्वाचं. जेवणाच्या ताटाशी किंवा दात घासण्याशी जोडून टाका, विसरणार नाही. विसरलातच तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एकच घ्या. दोन एकदम नकोत.

चघळायची गोळी नीट चघळूनच खायची. बाळाच्या पुडीतले दाणे थेट तोंडात किंवा चमचाभर गार मऊ भातात कालवून द्यायचे आणि पुडी फोडल्यापासून पंधरा मिनिटांत संपवायचे. आईचं दूध किंवा बाळाचं पावडरचं दूध चमचाभर चालतं, तेही गार किंवा साध्या तापमानाचं, गरम नको. पाण्यात, सरबतात विरघळवून ठेवू नका. सिरप असेल तर बाटली हलवा आणि सोबतच्या मापानेच मोजा. स्वयंपाकघरातला चमचा म्हणजे माप नव्हे, प्रत्येक घरातला वेगळा असतो.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं येतात, धावताना छाती भरते म्हणून. त्यांच्यापैकी काहींना डॉक्टर व्यायामाच्या किमान दोन तास आधी एक गोळी घ्यायला सांगतात. रोजची गोळी आधीच चालू असेल तर धावण्यासाठी म्हणून जादा घ्यायची नाही. चोवीस तासांत एकच.

पायरी ४: धाप लागली तर ही गोळी शोधत बसू नका

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. दम्याचा झटका आला, छातीत घरघर सुरू झाली, तर मॉन्टेलुकास्टचा त्या क्षणी काडीचा उपयोग नाही. ती रोजच्या बंदोबस्ताची गोळी आहे. झटक्यात लागतो तो पंप, म्हणजे सालब्युटामॉल, लेव्होसालब्युटामॉल किंवा डॉक्टरांनी त्यासाठी दिलेला फॉर्मोटेरॉल-ब्युडेसोनाइडचा. त्यांनी सांगितलेत तेवढे पफ घ्या, शक्यतो स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून, ताठ बसून. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर पडली असतील, पंप घेऊनही उतार नसेल, तर १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.

आणि आता पंपाविषयी, कारण माझं निम्मं भांडण याच्याशीच आहे.

'दादा, डॉक्टरांनी पंप लिहिलाय, पण नको तो. गोळीच द्या महिन्याची.'
'मावशी, पंप का नको?'
'एकदा लागला की सुटत नाही म्हणतात. आणि पोरीचं लग्न व्हायचंय अजून.'

दमा मावशींच्या मुलीला. पंप कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. अशी घरं प्रत्येक गल्लीत आहेत. चिठ्ठीवर दोन औषधं असतात, त्यातलं लोकांना दिसेल ते टाळायचं आणि कुणाला कळणार नाही ते घ्यायचं. पण नेमकं उलटं आहे हो. दम्यात श्वासनळीची सूज आटोक्यात ठेवायला स्टेरॉइडचा पंप मॉन्टेलुकास्टपेक्षा सरस ठरलेला आहे. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतही मुख्य जागा त्यालाच आहे. गोळी बहुतेकांना जोडीला दिली जाते, किंवा पंप घेणं खरंच जमत नसेल तेव्हा पर्याय म्हणून. 'स्टेरॉइड' या शब्दाने दचकू नका. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि मुख्यतः श्वासनळीत जातो. पफ घेतल्यावर चूळ भरली की तोंडात बुरशी व्हायची शक्यताही कमी होते. पंप 'सुटत नाही' म्हणतात ते पंपामुळे नव्हे, दमा दीर्घकाळचा असतो म्हणून.

कोजागिरीला दुधात-खिरीत मिळणारं औषध असो की मृगाच्या दिवशी हैदराबादला जाऊन गिळायचा मासा, श्रद्धेने जाणाऱ्यांना मी अडवत नाही. फक्त पंप आणि गोळी त्यापायी बंद करू नका. आणि जाताना पंप खिशात असू द्या, तिथल्या गर्दीत गरज लागू शकते.

पायरी ५: झोप आणि मनावर लक्ष ठेवा

काउंटरवर सर्वांत कमी बोललं जाणारं ते हेच.

डोकेदुखी, पोटदुखी, थोडी तहान हे किरकोळ त्रास काहींना होतात आणि जातात. पण ४ मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, मॉन्टेलुकास्टच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा टाकायला लावला. त्यांच्याकडे औषधांसाठी याहून मोठा इशारा नाही. कारण होतं मनावर आणि वागण्यावर होणारे परिणाम: वाईट स्वप्नं, झोपेत चालणं, चिडचिड, आक्रमकपणा, अस्वस्थता, उदासी, भास, आणि क्वचित आत्महत्येचे विचार. सोबत डॉक्टरांना सल्ला असा, की ॲलर्जीची सौम्य सर्दी असेल तर आधी इतर औषधं वापरून पाहा, ती लागू पडत नसतील किंवा सोसत नसतील तरच हे द्या.

याचा अर्थ गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला असं होतं, असा नाही. बहुतेकांना काहीच होत नाही, वर्षानुवर्षं घेणारे माझे गिऱ्हाईक आहेत. पण कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. ज्यांना पूर्वी कधीच मनाचा आजार नव्हता त्यांनाही झाल्याच्या नोंदी आहेत. बहुतेकांचा त्रास गोळी बंद केल्यावर थांबला, काहींचा नंतरही राहिला.

लहान मुलांत हे ओळखणं अवघड, कारण मूल सांगत नाही, वागतं. एक ताई मुलाची रिकामी स्ट्रिप घेऊन आल्या होत्या, पुढच्या महिन्यासाठी. सहज म्हणाल्या, हल्ली रात्री दचकून उठतो, शाळेत मारामाऱ्या करतो, परीक्षेचं टेन्शन असेल. मी स्ट्रिप न देता डॉक्टरांना फोन करायला सांगितलं. डॉक्टरांनी गोळी बंद करून दुसरं औषध दिलं, झोप सुधारली. कारण गोळीच होतं की परीक्षा, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण 'दृष्ट लागली' आणि 'वयच तसं आहे' याच्या आधी 'नवीन औषध कोणतं सुरू झालं?' हा प्रश्न घरात विचारला गेला पाहिजे.

तर करायचं असं. गोळी सुरू करण्याआधी, घरात कुणाला किंवा तुम्हाला स्वतःला नैराश्य, फेफरं, झोपेचा त्रास होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. सुरू केल्यावर घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा: 'माझं वागणं बदललेलं वाटलं तर बोल.' असं काही दिसलं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. पंप आणि बाकीची औषधं मात्र चालूच ठेवायची. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर एकटं राहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं.

पायरी ६: जोडीचं औषध आणि घरातली इतर औषधं

लेव्होसेटिरिझिन असलेली गोळी काहींना चांगलीच झोप आणते. रात्री घ्यावी ती यासाठीच. पहिले काही दिवस सकाळी बाइक काढण्याआधी आपण पुरते जागे आहोत ना ते बघा. ही गोळी आणि दारू एकत्र नको. किडनीचा त्रास असेल किंवा लघवी अडकत असेल, म्हणजे प्रोस्टेटवाल्या काकांनी, आधी सांगायलाच हवं. आणि एक: कित्येक महिने रोज घेतलेलं लेव्होसेटिरिझिन एकदम बंद केलं की काहींना अंगभर जबर खाज सुटते. एफडीएने २०२५ मध्ये त्याबद्दलही इशारा दिला. ती नवी ॲलर्जी समजून पुन्हा तीच गोळी चालू करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

फेक्सोफेनाडिनवाली गोळी पाण्याबरोबर घ्या, संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर नको, औषध नीट शोषलं जात नाही. ॲसिडिटीचं पांढरं पातळ औषधही लगेच वर पिऊ नका.

सर्दी-तापाच्या तयार गोळ्यांत बहुधा एखादं ॲलर्जीचं औषध घातलेलंच असतं. एलसी चालू असताना त्यातली घेतली की डोस दुप्पट. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटचं फिनोबार्बिटॉल चालू असेल तर मॉन्टेलुकास्टचं रक्तातलं प्रमाण घटतं, तेव्हा ती चिठ्ठीही दाखवा. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी ज्यांचा दमा उसळतो, त्यांनी मॉन्टेलुकास्ट चालू असलं तरी ती टाळायचीच. गरोदर असाल, दूध पाजत असाल, तर विचारूनच.

ॲलर्जीची त्वचेवरची चाचणी करायची ठरली असेल तर लेव्होसेटिरिझिनसारखी औषधं साधारण आठवडाभर आधी थांबवावी लागतात, नाहीतर चाचणी कोरीच येते. नेमके दिवस चाचणी करणाऱ्यांना विचारा.

पायरी ७: किती दिवस, हा प्रश्न विचाराच

चिठ्ठी एक महिन्याची आणि गोळी तीन वर्षं, हे मी रोज बघतो. गुण पहिल्या एक-दोन दिवसांत दिसू लागू शकतो, पण खरोखर उपयोग होतोय का ते काही आठवड्यांत ठरवायचं असतं. पुन्हा दाखवायला जाताना तोंडी 'बरं वाटतंय' सांगण्यापेक्षा मोबाइलमध्ये चार ओळी लिहून न्या: रात्री किती वेळा जाग आली, पंप किती वेळा लागला, जिना चढताना काय झालं, त्रास कशाने वाढला. गाजरगवत फुलल्यावर, मळणीच्या धुळीने, पावसाळ्यात भिंतीला ओल धरल्यावर, दिवाळीच्या धुराने? यावरून गोळी वर्षभर हवी की ठरावीक हंगामापुरती, हे डॉक्टरांना ठरवता येतं. नुसती नाकाची ॲलर्जी असेल तर 'नाकाच्या स्टेरॉइड स्प्रेवर भागेल का?' असंही विचारा, तो अनेकदा गोळीपेक्षा जास्त गुण देतो.

दम्यासाठी चालू असेल तर बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.

पायरी ८: विकत घेताना आणि ठेवताना

जनऔषधी केंद्रात मॉन्टेलुकास्ट-लेव्होसेटिरिझिन मिळते आणि ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त पडते. घटक आणि मिलिग्रॅम जुळवून बघा, मग घ्या. मेडिकलवाला असून हे सांगतोय म्हणून हसू नका, महिन्याची गोळी परवडली तरच माणूस ती नियमित घेतो.

उजेड आणि दमट हवा दोन्ही या गोळीला सोसत नाहीत. आठवड्याच्या गोळ्या काढून डबीत भरून ठेवायची सवय इथे मोडा, स्ट्रिपमध्येच राहू द्या. कोकणात राहत असाल तर जास्तच जपा.

गोळीने काही विपरीत झालं तर डॉक्टरांना सांगालच, पण देशाच्या औषध-दुष्परिणाम नोंद कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा फुकट नंबर आहे, तिथे रुग्ण स्वतःही कळवू शकतो.

परदेशी निघालेल्यांसाठी शेवटचं. पोराबाळांकडे अमेरिकेला जाताना इथून सहा महिन्यांची एलसी नेणारे पुष्कळ आहेत. तिथे ही एकत्र गोळी मिळत नाही. मॉन्टेलुकास्टला चिठ्ठी लागते, लेव्होसेटिरिझिन वेगळं, चिठ्ठीशिवाय मिळतं. म्हणून डॉक्टरांकडून ब्रँडऐवजी औषधांची मूळ नावं लिहिलेली छापील चिठ्ठी घ्या, गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच न्या आणि पंप चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.